अंधार फुकट मिळत नाही

कमी पैशांत पहिला चित्रपट काढायला निघालेला दिग्दर्शक बहुतेकदा भयपटाकडे वळतो, आणि त्याला तशी कारणे आहेत. ऐतिहासिक चित्रपटाला घोडे, पोशाख आणि गर्दी लागते. प्रेमकथेला ओळखीचे चेहरे लागतात. भयपटाला एक जुने घर, चार माणसे आणि एक रात्र पुरते, असा हिशेब मांडला जातो. प्रेक्षक इथे नट पाहायला येत नाही, घाबरायला येतो. अनोळखी चेहरा तर उलट उपयोगीच पडतो. नावाजलेला नट शेवटपर्यंत जगणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असते, नवख्या नटाबद्दल तशी खात्री कोणालाच नसते. हा सगळा हिशेब बरोबर आहे. फक्त त्यात अंधार आणि शांतता या दोन गोष्टी फुकट धरलेल्या असतात, आणि चित्रीकरण सुरू झाले की त्याच सगळ्यांत महाग पडतात.

स्वतंत्र चित्रपट म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या किंवा वाहिनीच्या पैशाशिवाय उभा राहिलेला चित्रपट. पैसा घरचा, मित्रांचा किंवा एखाद्या हौशी निर्मात्याचा असतो. त्यामुळे चित्रपट कसा असावा याचा निर्णय दिग्दर्शकाच्या हातात राहतो, पण एखादा दिवस वाया गेला तर तो भरून काढायला मागे कोणी नसते. मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरात, उदाहरणार्थ छत्रपती संभाजीनगरात, ही दुसरी बाजू अधिक जड होते. नट इथे मिळतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने आणि शहरातल्या एकांकिकांच्या परंपरेने मराठी रंगभूमीला व चित्रपटाला माणसे पुरवली आहेत. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे जगातले चित्रपटही शहरात पाहायला मिळतात. पण मोठे दिवे, त्यांची वायर ओढणारे सरावलेले लाइटमन, रंगभूषेतले खास कारागीर आणि ध्वनिमिश्रणाचे स्टुडिओ बहुतांशी मुंबईत किंवा पुण्यात आहेत. सामान आणायचे तर भाड्याचे दिवस प्रवासातही मोजले जातात.

महाराष्ट्राच्या मातीत कमी खर्चाच्या भयपटाची वाट मोकळी केली ती रामसे कुटुंबाने. एफ. यू. रामसे हे मूळचे कराचीचे, रेडिओच्या धंद्यातले. फाळणीनंतर ते मुंबईत आले. त्यांनी निर्मिलेला 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' हा विश्राम बेडेकर दिग्दर्शित चित्रपट 1970 मध्ये आला आणि आपटला. मात्र त्यातल्या एका प्रसंगाला प्रेक्षक दाद देत होते. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करायला येतात, तो हा प्रसंग. एफ. यू. यांच्या मुलांनी, म्हणजे रामसे बंधूंनी, चित्रपटगृहात बसून हे टिपले आणि पुढचा संपूर्ण चित्रपट त्या भीतीवरच उभा करायचे ठरवले. सात भावांनी कामे वाटून घेतली. लेखन कुमार यांच्याकडे, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांच्याकडे, कॅमेरा गंगू यांच्याकडे, ध्वनी किरण यांच्याकडे, संकलन अर्जुन यांच्याकडे, आणि केशू निर्मितीत व कॅमेऱ्याच्या मदतीला. छायाचित्रणाचे शिक्षण त्यांनी जोसेफ मॅसेली यांच्या पुस्तकावरून घेतले, काश्मीरमध्ये हाउसबोटीत मुक्काम ठोकून. 'दो गज जमीन के नीचे' हा चित्रपट महाबळेश्वरात सुमारे महिनाभरात चित्रित झाला आणि 1972 मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा खर्च साडेतीन लाखांच्या घरात सांगितला जातो. घरच्या बायका सोबत होत्या, स्वयंपाक त्याच पाहत.

या गोष्टीकडे कौतुकाने पाहिले जाते ते काटकसरीसाठी. पण तिच्यात याहून मोलाचे एक सूत्र आहे. रामसे मंडळींनी लोकेशन आधी धरले आणि संपूर्ण युनिट तिथेच राहायला नेले. प्रवासाचा वेळ वाचला, आणि रात्री दोनला धुके उतरले तर रात्री दोनला कॅमेरा लावता आला. कमी बजेटच्या चित्रपटात पैशाची जागा वेळ घेतो, आणि लोकेशनवर मुक्काम हा वेळ मिळवण्याचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग आहे. आजही जो दिग्दर्शक शहरात राहून रोज चाळीस किलोमीटर ये-जा करतो, त्याच्या हातातून रोजचे दोन-तीन शॉट निसटतात.

जगातही हीच रीत दिसते. जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (1968) सुमारे 1 लाख 14 हजार डॉलरमध्ये, बराचसा एका शेतघरात तयार झाला. ओरेन पेली यांनी 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' स्वतःच्याच घरात साधारण आठवडाभरात, सुमारे 15 हजार डॉलरमध्ये चित्रित केला. अशी उदाहरणे वाचून उत्साह येतो. पण प्रत्येक उदाहरणात कथा घराच्या मापाने कापलेली होती, हे लक्षात घ्यायला हवे. आधी कथा लिहून मग तिला परवडणारे घर शोधणाऱ्याची पंचाईत होते. हाती असलेल्या घरासाठी कथा लिहिणारा वाचतो.

कथेच्या बाबतीत मराठी दिग्दर्शक श्रीमंत आहे. मुंजा, हडळ, खवीस, समंध, वेताळ, आसरा, चकवा असे नाना प्रकार गावोगावच्या बोलण्यात आहेत आणि प्रत्येकाचा पिंपळ, विहीर किंवा पाणवठा ठरलेला आहे. यातला चकवा तर कमी बजेटसाठी जणू घडवलेला. त्याला रूप नाही, नख नाही, दात नाहीत. माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. हे दाखवायला एक बाभूळ, एक नट आणि चांगली संकलनाची कात्री पुरते. याच नावाचा जतिन वागळे यांचा मराठी चित्रपट 2004 मध्ये आला होता.

छापील भयकथा घ्यायची तर मात्र हक्कांचा प्रश्न येतो. नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) यांच्या कथा मराठी वाचकाच्या ओळखीच्या असल्या तरी भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क वारसांकडे राहतो. म्हणजे धारपांची कथा 2068 अखेरपर्यंत लेखी परवानगीशिवाय घेता येत नाही. बोलाचालीवर कथा घेऊन चित्रपट पूर्ण केला आणि प्रदर्शनाच्या वेळी वितरकाने कागद मागितला, तर सगळे काम अडून बसते. दृश्यात मागे रेडिओवर वाजणाऱ्या जुन्या गाण्यालाही हेच लागू आहे.

मराठी भयपटाला आणखी एक वळण आहे, आणि ते खर्चाशी जोडलेले आहे. इथल्या प्रेक्षकाला भूत हवे असते, पण त्यामागे काहीतरी माणसाचे हवे असते. वसंत जोगळेकर यांच्या 'हा खेळ सावल्यांचा' (1976) या चित्रपटात भीतीचा धागा मनाच्या आजाराशी गुंफलेला होता. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त भीतीच्या तळाशी मुलींना नाकारणारा समाज आहे. 'लपाछपी' इथे जरा जवळून पाहण्यासारखा आहे. शहरातले एक जोडपे संकटातून निसटून खेड्यात, उसाच्या फडामागच्या एका घरात आसऱ्याला येते. बायको गरोदर आहे. पूजा सावंत, उषा नाईक, विक्रम गायकवाड अशी मोजकी पात्रे आणि मोजक्या जागा. भीतीचा मोठा भार उसावर टाकलेला आहे. उभ्या फडात शिरल्यावर दोन हातांपलीकडचे दिसत नाही, पाने सतत सळसळतात, आणि चारही दिशा सारख्याच वाटतात. लाखो रुपये खर्चून उभारलेल्या सेटने जे काम करायचे, ते महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचे उभे पीक करते. जुलै 2017 मध्ये हा चित्रपट प्रदर्शित झाला, आणि याच दिग्दर्शकाने त्याची हिंदी आवृत्ती 'छोरी' 2021 मध्ये काढली.

उसाची अडचण अशी, की तो तोडला जातो. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि टोळी फडात उतरली की लोकेशन दोन-चार दिवसांत सपाट होते. निम्मे दृश्य चित्रित झाल्यावर फड गेला तर जोडायला दुसरा ऊस शोधावा लागतो, आणि त्याची उंची, रंग, पानांचा वाळलेपणा पहिल्याशी जुळत नाही. म्हणून शहाणा दिग्दर्शक शेतमालकाइतकीच कारखान्याच्या तोडणीच्या क्रमाचीही चौकशी करतो. कपाशी, ज्वारी, तूर या मराठवाड्यातल्या पिकांनाही हे लागू आहे. ज्वारीचे ताट माणसाला झाकते, हरभरा झाकत नाही. पीकपाणी हे इथे कलादिग्दर्शनाचेच अंग बनते.

जुन्या वाड्यांचे तसे नाही, ते कायमचेच जात आहेत. औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेट या भागातली जुनी घरे पडून तिथे दुकानांचे मजले चढले. उरलेल्या वाड्यात भाडेकरू राहतात, आणि त्यांना आठ रात्री घराबाहेर काढता येत नाही. शहराच्या आसपास अद्भुत जागा आहेत. देवगिरीच्या किल्ल्यातला 'अंधारी' नावाचा वळणावळणाचा काळोखा मार्ग शत्रूला गोंधळात पाडण्यासाठीच बांधलेला आहे आणि दिवसाही तिथे वटवाघळांचा वास व फडफड सोबतीला असते. पण तो केंद्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाचे संरक्षण असलेला स्मारकाचा भाग आहे. तिथे चित्रीकरणाला आगाऊ अर्ज, शुल्क आणि अटी आहेत, आणि ज्या रात्रीच्या वेळेची भयपटाला गरज असते तीच मिळणे सगळ्यांत अवघड. त्यामुळे बहुतेकांना खासगी वाडा शोधण्यावाचून गत्यंतर नसते. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' या चित्रपटातला वाडाही सासवडच्या पुरंदरे वाड्याच्या आधाराने उभा राहिला.

आता अंधार. माणसाचा डोळा काळोखाला सरावतो, कॅमेऱ्याला ती सवय नसते. पौर्णिमेचे चांदणे जमिनीवर जेमतेम पाव लक्स प्रकाश देते, साध्या कचेरीत तीनशे ते पाचशे लक्स असतो. आजचे डिजिटल कॅमेरे बऱ्याच कमी उजेडात चित्र टिपतात, पण त्यांची संवेदनशीलता ताणली की काळ्या भागात रंगीत कण नाचू लागतात आणि काळोख धुळकट करडा दिसतो. खरा काळा रंग मिळवायचा तर अंधारात भरपूर प्रकाश पाडावा लागतो आणि मग तो नको तिथून कापावा लागतो. झाडामागे उंचावर लावलेला एक मोठा दिवा चंद्राचे काम करतो. खिडकीबाहेरचा दुसरा दिवा भिंतीवर गजांची सावली पाडतो. चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर काळे कापड किंवा थर्माकोल धरून उजेड अडवला जातो. चंद्र म्हणून लावलेला दिवा जितका लांब आणि उंच, तितका तो खरा वाटतो, आणि तितकीच त्याची ताकद, स्टँड, जनरेटर आणि माणसे वाढतात. 'रात्रीच तर शूट करायचे आहे, दिवे कशाला?' हा निर्मात्याचा प्रश्न प्रत्येक नवख्या कॅमेरामनला ऐकावा लागतो. त्याचे उत्तर पहिल्या रात्रीच्या फुटेजमध्ये मिळते.

शहरात अंधार मिळवणे तर दुप्पट कष्टाचे. रात्री दीडला औरंगपुऱ्यातल्या बंद दुकानांच्या रांगेतून एक बाई एकटीच चालत येते, एवढा साधा शॉट घ्यायचा ठरवला तर काय होते, हे क्रमाने पाहता येईल. रस्त्यावरचे एलईडी दिवे पांढरेफटक असतात आणि ते बंद करायचे तर महापालिकेची परवानगी लागते. दुकानांच्या पाट्यांपैकी दोन-तीन रात्रभर उजळत राहतात, मालक घरी झोपलेले असतात. फलकांवर सवलतींचे मजकूर आणि मोबाइल नंबर असतात, ते झाकावे लागतात. दुरून दुचाकी येते, तिचा दिवा थेट लेन्समध्ये शिरतो. ती थांबवायला दोन पोरे दोन टोकांना उभी करावीत, तर दुचाकीस्वार काय चालले आहे ते पाहायला तिथेच उभा राहतो, पाच मिनिटांत त्याच्या सोबतीला आणखी चौघे येतात. कुत्री भुंकायला लागतात ती थांबत नाहीत. या सगळ्यातून चाळीस सेकंदांचा शॉट हाती लागतो तेव्हा साडेतीन वाजलेले असतात. म्हणून ज्यांना हे आधी सोसावे लागले आहे, ते रस्त्याचा प्रसंग एखाद्या गल्लीच्या तोंडाशी बसवतात, जिथे एकच टोक सांभाळावे लागते.

रात्रीची लांबीही हिशेबात घ्यावी लागते. संभाजीनगरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या अखेरीस सूर्यास्त ते सूर्योदय साधारण पावणे अकरा तास मिळतात, डिसेंबरात तेरा. दोन्ही टोकांचा संधिप्रकाश आणि जेवणाची सुट्टी वजा केली तर उन्हाळ्यातल्या रात्रीतून आठेक तास कामाचे उरतात. हिवाळ्यात दोन तास अधिक मिळतात, पण बोलताना नटाच्या तोंडातून वाफ दिसते आणि ओल्या साडीत नायिका कुडकुडते. काही जण दिवसा शूट करून रंगप्रक्रियेत त्याची रात्र करतात. निळसर गडद छटा दिली आणि चौकटीत आकाश येऊ दिले नाही, तर ही युक्ती जंगलात किंवा घराच्या आत चालते. मोकळ्या माळावर उन्हाच्या सावल्या ती उघडी पाडतात.

पावसाबद्दल मराठवाड्यात वेगळे बोलावे लागते. भयपटाला पाऊस हवाच असतो, आणि खरा पाऊस कॅमेऱ्यात सहजी दिसत नाही. थेंब दिसायला मागून प्रकाश लागतो आणि धार जाड लागते. 'तुंबाड'साठी खऱ्या पावसाळ्यांची वाट पाहत चार मोसम चित्रीकरण चालले. ती चैन सगळ्यांना परवडणारी नाही. कृत्रिम पाऊस म्हणजे टँकर, मोटर आणि फवारे, आणि एका मोठ्या शॉटला टँकर बघता बघता रिकामा होतो. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, वस्त्यांत टँकरभोवती हंडे लागतात, तिथे एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर पाणी ओतणे लोकांना खटकते, आणि ते खटकायलाच हवे. अशा वेळी पाऊस घराबाहेर ठेवणे हा उत्तम उपाय आहे. खिडकीच्या काचेवर झारीने सोडलेले पाणी, छपरावरच्या पावसाचा आवाज आणि आत येणाऱ्या माणसाचे भिजलेले केस, एवढ्यावर वादळी रात्र उभी राहते. बादलीभर पाणी पुरते.

यातला छपरावरचा आवाज महत्त्वाचा. भयपटाचा निम्मा परिणाम कानांतून होतो, आणि कमी बजेटच्या चित्रपटात सगळ्यांत आधी कात्री लागते ती ध्वनीलाच. चित्र थोडे खराब असले तर प्रेक्षक चालवून घेतो, संवाद ऐकू आला नाही तर तो उठून जातो. लोकेशनवर शांतता असते हा समज पहिल्याच रात्री संपतो. पावसाळ्यात रातकिड्यांचा आवाज इतका भरून असतो, की दोन शॉट जोडताना त्याची पातळी खालीवर होते. जनरेटर दोनशे फुटांवर नेला तरी घरघर येते. शेजारच्या गावात लग्न असते, लांबवर कीर्तनाचा लाउडस्पीकर असतो, विहिरीवरची मोटर रात्रीची वीज आली की चालू होते. शेतीला वीज कधी येते याचे वेळापत्रक गावात विचारून घेणारा ध्वनिमुद्रक निर्मात्याचे पैसे वाचवतो. प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प उभे राहून मिनिटभराची नुसती शांतता मुद्रित करायची, ही शिस्तही तितकीच मोलाची. संकलनात संवादांच्या फटी बुजवायला नेमकी तीच लागते.

बाकी आवाज नंतर बनवता येतात, आणि या कामात घरच्या वस्तू राजासारख्या वागतात. उसाचे कांडे ओल्या फडक्यात गुंडाळून मोडले की हाड मोडते. सुकलेल्या चिंचेच्या शेंगा मुठीत दाबल्या की कोणीतरी पालापाचोळ्यातून सरकते. दाराच्या बिजागरीचा करकरणारा आवाज हवा असेल तर लाकडी खाट उपयोगी पडते. इथे पैशापेक्षा कान आणि चिकाटी लागते, म्हणून स्वतंत्र दिग्दर्शकाने मोठ्या चित्रपटाशी बरोबरी करावी ती या जागी. अचानक मोठा आवाज करून दचकवणे सोपे आहे. त्याआधी पंधरा सेकंद रातकिडे थांबवणे हे त्याहून परिणामकारक असते, कारण रानातले रातकिडे कोणीतरी जवळ आले की थांबतात, हे गावाकडच्या प्रेक्षकाला न सांगता कळते.

रक्त स्वयंपाकघरात बनते. बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळणारे लिक्विड ग्लुकोज किंवा साखरेचा दाट पाक, त्यात लाल खाद्यरंग, निळ्याचा एखादा थेंब आणि चिमूटभर कोको पावडर. नुसता लाल रंग कॅमेऱ्यात सरबतासारखा दिसतो, कोकोमुळे तो गडद आणि अपारदर्शक होतो. पाक थंड होईपर्यंत थांबावे लागते, नाहीतर त्वचा भाजते. तासाभरात मुंग्या लागतात, आणि डाग धुऊन जात नाही. त्यामुळे रक्ताचा प्रसंग असेल तर तीच साडी तीन नग घ्यावी लागते, म्हणजे रिटेक करता येतो. रोमेरो यांचा चित्रपट कृष्णधवल असल्याने त्यांनी सरळ चॉकलेट सिरप वापरले होते. चेहऱ्यावर बसवायचे सिलिकॉनचे मुखवटे मात्र महाग असतात, ते चढवायला तीन-चार तास जातात आणि उन्हाळ्यात घामाने कडा सुटतात. 'तुंबाड'मधली आजी आणि लहानगा पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच बालनटाने केल्या. म्हातारीची ती रंगभूषा कमी बजेटच्या आवाक्यातली नव्हे. पण शरीर अनोळखी रीतीने हलले की भीती वाटते, हा त्यामागचा विचार कोणालाही घेता येतो. एखाद्या नर्तकाला किंवा कसरतपटूला अंगभर चादर पांघरून उलटे चालायला लावले, तर मुखवट्याची गरज उरत नाही.

नटांच्या बाबतीत संभाजीनगरासारख्या शहराला मोठा आधार आहे तो एकांकिकेच्या तालमींचा. महिनाभर रात्री तालीम करून चाळीस मिनिटे सलग उभे राहायची सवय असलेला नट लांब शॉट पेलू शकतो. 2017 च्या 'वन कट ऑफ द डेड' या जपानी चित्रपटात याच बळावर 37 मिनिटांचा एक अखंड शॉट घेतला गेला. खर्च सुमारे 30 लाख येन, नट अभिनयाच्या कार्यशाळेतले. शिनिचिरो उएदा यांचा हा चित्रपट सुरुवातीला टोकियोत दोनच चित्रपटगृहांत लागला होता आणि पुढे देशभर गेला. लांब शॉटमुळे दिवे कमी वेळा हलवावे लागतात, रात्र वाचते, आणि कट न मिळाल्याने प्रेक्षकाचा श्वासही सुटत नाही. त्यासाठी चित्रीकरणाआधी त्याच घरात, त्याच जिन्यावर तालीम हवी.

लहान मुले भयपटात सर्रास दिसतात. त्यांच्यासाठी नियम स्पष्ट आहेत: जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक नाही. नियमापलीकडेही एक जबाबदारी उरते. रक्ताने माखलेला काका मुलाला आधी रंगभूषेच्या खुर्चीत बसलेला दाखवावा, म्हणजे मूल घाबरत नाही आणि घरी जाऊन रात्री उठत नाही. प्राण्यांसाठी भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी व नंतर ना-हरकत लागते, मग ते काळे मांजर असो वा दारातला कुत्रा. घुबड आणि साप वन्यजीव कायद्याखाली येतात. ते संगणकावर करावेत किंवा नुसते ऐकवावेत.

नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 पासून आहे, तो डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर वटहुकमाने आला. काल्पनिक कथेत मांत्रिक दाखवणे आणि मांत्रिकाचा प्रचार करणे यांत फरक आहे, आणि तो फरक जाहिरातीतही पाळायला हवा. गर्दी खेचण्यासाठी 'सेटवर खरेच भूत आले' अशा बातम्या पसरवणारी प्रसिद्धी गावातल्या एखाद्या विधवेला किंवा वेडसर ठरवलेल्या माणसाला महागात पडू शकते.

चित्रपटगृहात लावायचे तर सेन्सॉर प्रमाणपत्र अनिवार्य. 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए प्रकारात 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन टप्पे झाले. भयपटाला हे टप्पे फार महत्त्वाचे, कारण 'ए' मिळाले तर कुटुंबाचा प्रेक्षक जातो, आणि टीव्हीवर दाखवायला वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. मराठी चित्रपटांसाठी राज्य सरकारची दर्जानुसार अनुदान योजना आहे. बराच काळ 'अ' दर्जाला 40 लाख आणि 'ब' दर्जाला 30 लाख असे तिचे स्वरूप राहिले. पण परीक्षण चित्रपट तयार झाल्यानंतर होते. त्या आशेवर कर्ज काढून चित्रीकरण करणे धोक्याचे आहे.

पडद्यापर्यंत पोचल्यावर अंधाराची शेवटची परीक्षा होते. रंगप्रक्रिया अंधाऱ्या खोलीत, अचूक मॉनिटरवर झालेली असते. तालुक्याच्या चित्रपटगृहात प्रोजेक्टरचा दिवा जुना आणि मंद असतो, दारातून उजेड आत येतो, आणि दिग्दर्शकाने जपून ठेवलेली कोपऱ्यातली आकृती तिथे दिसतच नाही. मोबाइलवर दुपारी बाराला पाहणाऱ्यालाही ती दिसत नाही. म्हणून चित्रपट पक्का करण्याआधी एखाद्या साध्या एकपडदा चित्रपटगृहात सकाळी लावून पाहावा, मोबाइलवर खिडकीजवळ बसून पाहावा, आणि महत्त्वाच्या चौकटी थोड्या उजळ कराव्यात.

प्रदर्शनाचा पहिला आठवडा बहुतेक छोट्या चित्रपटांच्या हातून निसटतो. मल्टिप्लेक्समध्ये दुपारचा एखादा खेळ मिळतो, आणि तोंडी प्रसिद्धी पसरेपर्यंत तोही जातो. भयपटाचे आयुष्य मात्र लांब असू शकते. 12 ऑक्टोबर 2018 ला आलेला 'तुंबाड' 13 सप्टेंबर 2024 ला पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई करून गेला. 'लपाछपी'ला दुसरा जन्म हिंदीत मिळाला. हे घडते तेव्हा पैसे कोणाला मिळतात, ते पहिल्या करारात ठरलेले असते. स्वतंत्र निर्माता अनेकदा प्रदर्शनाच्या घाईत नव्या भाषेतले, मालिकेचे आणि पुढच्या भागाचे सगळे हक्क एकाच सहीत देऊन टाकतो. ते हक्क वेगवेगळे लिहून, वर्षांची मर्यादा घालून द्यावेत. रोमेरो यांच्या चित्रपटाचे नाव शेवटच्या टप्प्यावर 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'वरून बदलण्यात आले, आणि वितरकाने नव्या नावाची पाटी लावताना त्यावरची स्वामित्वहक्काची ओळ राहून गेली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ सक्तीची होती. चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला, आणि त्याची प्रत कोणीही विकू लागले.